घोडं फुरफुरतं तेव्हा

शाळेत प्राण्यांच्या आवाजांची यादी पाठ करून घेतात. घोड्याचं खिंकाळणं, हत्तीचा चीत्कार, म्हशीचं रेकणं, मोराचा केकारव, कोल्ह्याची कुई. रिकाम्या जागा भरायच्या असल्यामुळे एका प्राण्याच्या वाट्याला एकच शब्द येतो. कुत्र्याचं मात्र तसं होत नाही. तो भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो, आणि हे कुणाला पाठ करावं लागत नाही, कारण कुत्रा अजून दारात आहे. घोडा दारातून कधीच गेला आणि जाताना आपले बाकीचे आवाज घेऊन गेला. मागे उरली ती खिंकाळी. गंमत म्हणजे निवांत घोडा दिवसभरात जो आवाज सगळ्यात कमी काढतो, नेमका तोच यादीत राहिला.

तसा आणखी एक शब्द भाषेत जिवंत आहे: फुरफुरणं. पण तो आता घोड्यापेक्षा निवडणुकीच्या बातम्यांमध्ये जास्त भेटतो. तिकीटवाटप जवळ आलं की इच्छुकांचे घोडे फुरफुरू लागतात. या शब्दावर आपण घोड्याच्या बाबतीत मोठाच अन्याय केला आहे. पण आधी खिंकाळीचं बघू, कारण ती दुरून ऐकू येते.

अमरकोशात घोड्याच्या आवाजाला ‘हेषा’ आणि ‘ह्रेषा’ असे दोन शब्द दिले आहेत. धातुपाठात ‘हेष्’ या धातूचा अर्थ ‘अव्यक्ते शब्दे’ असा आहे, म्हणजे ज्यात अक्षरं उमटत नाहीत असा आवाज. संस्कृतची ह्रेषा बरीचशी हवेची आहे. हिंदीचं ‘हिनहिनाना’ त्या आवाजातला मधला थरथरता भाग पकडतं. मराठीचं ‘खिंकाळणं’ मात्र सगळा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतं. खिंकाळीचे तीन टप्पे असतात. पहिला अगदी छोटा, वरच्या पट्टीतला, जवळजवळ किंचाळीसारखा. दुसरा लांब, लाटेसारखा हेलकावणारा. तिसरा खाली उतरत जाणारा, घशात विरणारा. आता शब्द सावकाश म्हणून बघा: ‘खिं’ नाकात आणि वर, ‘का’ उघडा आणि लांब, आणि ‘ळ’ला जीभ मागे वळून आवाज खाली पडतो. हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याने घोडा नुसता पाहिला नव्हता, ऐकलाही होता.

सबंध खिंकाळी साधारण दीड सेकंदाची. मोकळ्या रानात ती अर्धा-पाऊण किलोमीटर सहज जाते. ती देताना घोडा मान वर करतो, तोंड थोडं उघडतं, नाकपुड्या ताणल्या जातात आणि सगळं अंग थरथरतं. जवळ उभं राहून खोगिरावर हात ठेवला तर ती थरथर तळहाताला कळते. कानाला विचित्र वाटतं ते असं, की एकाच वेळी एक जाड आणि एक बारीक आवाज येतोय. हा भास नाही. खिंकाळीत खरोखरच दोन मूळ सूर एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. झुरिकच्या संशोधकांनी 2015 साली घोड्यांना सोबत्यापासून वेगळं करून आणि पुन्हा भेटवून हे मोजलं. खालच्या सुरावरून घोडा किती उत्तेजित आहे ते कळतं, आणि वरच्या सुरावरून ती उत्तेजना सुखाची आहे की त्रासाची, ते. सोबती परत आला की खिंकाळी आखूड होते. तो निघून गेला की लांबते.

त्याच्याही आधी, 2009 साली, इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात आणखी साधा प्रयोग झाला. कळपातला एक घोडा दुसऱ्याच्या समोरून नेऊन आडोशाला लपवला आणि मग आवाज ऐकवला भलत्याच घोड्याचा. बघणारा घोडा चटकन वळून त्या दिशेला जास्त वेळ बघत राहिला. गेला कोण आणि बोलतोय कोण, हे त्याला खटकलं. म्हणजे खिंकाळी ही सही आहे. ‘मी इथे, तुम्ही कुठे?’ एवढाच तिचा मजकूर, पण खाली नाव असतं. म्हणून जोडीतला एक घोडा गाडीत चढवून नेला की मागे राहिलेला तासन्‌तास खिंकाळतो. तो माजला नाही, भुकेलाही नाही, त्याला उत्तर मिळत नाही. अशा वेळी ओरडून किंवा चाबूक दाखवून काही होत नाही. दिसेल अशा अंतरावर दुसरं कुठलंही जनावर बांधलं, अगदी शेळी बांधली तरी बरेचदा निभतं.

या एका आवाजाने माणसांचं नशीब फिरवल्याच्याही गोष्टी आहेत. महाभारतात द्रोणांचा मुलगा जन्मताच रडण्याऐवजी उच्चैःश्रव्यासारखा खिंकाळला आणि तो आवाज दिशादिशांत गेला, म्हणून त्याचं नाव अश्वत्थामा पडलं. दुसरी गोष्ट इराणची, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली. गादीवर कुणी बसायचं हे ठरेना, तेव्हा सरदारांनी ठरवलं की सूर्योदयाला ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो राजा. त्यांतल्या दरायसच्या मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, आदल्या रात्री त्याच वाटेवर घोड्याची आवडती घोडी बांधली, घोडा तिच्याभोवती फिरवला आणि मग तिच्याजवळ सोडला. सकाळी त्या जागी पोचताच घोड्याने जी हाक दिली, तिच्यावर दरायस इ. स. पू. 522 मध्ये राजा झाला. इतिहास म्हणून ही गोष्ट कितपत खरी, हा वाद वेगळा. मोतद्दारी म्हणून ती शंभर टक्के खरी आहे. घोडा जागा विसरत नाही, आणि जागा ओळखली की बोलल्याशिवाय राहत नाही.

आता फुरफुर. या एका शब्दाखाली आपण दोन आवाज कोंबले आहेत, आणि त्यांचे अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला आवाज खरा फुरफुरीचा. घोडा मान खाली सोडतो, कान बाजूला ढिले पडतात आणि नाकातून बाहेर पडणाऱ्या श्वासाबरोबर नाकपुड्या फडफडतात: फुर्र्र्र. एका सेकंदाच्या आत संपतो. ओलसर असतो, समोर उभं असलात तर शर्टावर शिंतोडे येतात. दुसऱ्या आवाजात फडफड अजिबात नसते. मान ताठ वर, शेपूट उचललेली, कान टोकदार पुढे, नाकपुड्या ताणून गोल झालेल्या आणि त्यातून एकदम जोरात सोडलेली हवा: फूः! त्याच्या आधी कधी कधी आत ओढलेल्या श्वासाची खरखर ऐकू येते. हा इशारा आहे. झुडपात काहीतरी हललंय, वाऱ्यावर अनोळखी वास आलाय, प्लास्टिकची पिशवी उडालीय. कळपात एकाने हा फूत्कार टाकला की सगळ्यांच्या माना वर होतात.

बातमीतल्या इच्छुकाचं फुरफुरणं या दुसऱ्या आवाजावरून आलं असावं, कारण त्यात आवेश दिसतो. खरी फुरफुर निवांतपणाची आहे. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली 48 घोडे ऐकून हे मांडलं: घोडे जास्त फुरफुरतात ते कुरणात सोडल्यावर, समोर चारा असताना, कान पुढे आणि अंग मोकळं असताना. अंधाऱ्या ठाणबंद तबेल्यातले घोडे फार कमी फुरफुरतात. मुरलेल्या स्वारांना यात नवीन काही वाटणार नाही. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं लगाम सैल सोडून घोडा नुसता चालवायचा आणि पहिल्या फुरफुरीची वाट बघायची, हा जुना रिवाज आहे. ती आली म्हणजे पाठ सुटली, जबडा सुटला, आता काम सांगा. ती यायच्या आधीच दुडकीवर घातलेला घोडा पाठ आवळून धरतो, आणि स्वार संध्याकाळी आपली कंबर चोळत बसतो.

तेव्हा वर्तमानपत्रांनी खुशाल लिहावं, पण तिकिटासाठी फुरफुरणारा उमेदवार घोड्याच्या हिशेबाने पोटभर जेवून सावलीत उभा आहे.

फुरफुरीला एक पुरवणी जोडायला हवी. धूळ, माशा आणि भुसा यांनीही घोडा नाक झाडतो. चारपाचदा झाडून थांबला तर सोडून द्यायचं. सारखं झाडतोय, डोकं झटकतोय आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतोय, असं दिसलं तर वरच्या दाढेचं मूळ किंवा त्यामागची हाडांतली पोकळी बिघडली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नाकपुड्यांतून येत असेल आणि अंगात ताप असेल तर तो घोडा आधी बाकीच्यांपासून दूर बांधायचा, त्याची बादली आणि तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळा करायचा, आणि मग डॉक्टरांना फोन.

सगळ्यात गोड आवाजाला मराठीत पक्का शब्दच नाही. तोंड मिटलेलं, नाकपुड्या हलक्या थरथरताहेत आणि घशातून खालच्या पट्टीत ‘हुं-हुं-हुं-हुं’ असं येतंय. सकाळी चंदीची, म्हणजे दाण्याची, बादली खडखडली की तबेल्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा आवाज पसरत जातो. मला यासाठी ‘हुंकार’ योग्य वाटतो. तोंड मिटून दिलेला, ओळखीचा आणि होकाराचा आवाज म्हणजे हुंकारच. गोष्ट ऐकणारं पोर देतं तसा. घोड्याचे हुंकार तीन. चंदी आणणाऱ्याला दिलेला सगळ्यात मोठा. घोड्याने घोडीला दिलेला जास्त लांबतो, आणि तो देताना घोडा मान खालीवर करतो. तिसरा घोडीने शिंगराला दिलेला. तो इतका हलका की चार-पाच हातांवरूनसुद्धा निसटतो. शिंगरू जमिनीवर ओलं पडलेलं असतं, घोडी ते चाटत असते आणि चाटता चाटता हा आवाज सुरू होतो. त्या तासाभरात मायलेकरं एकमेकांना आवाजाने आणि वासाने पक्की करतात. म्हणून त्या वेळी टॉर्च, मोबाइल आणि शेजारपाजारची गर्दी गोठ्याबाहेर ठेवायची. शिंगरू तासा-दीड तासात उभं राहिलं, दोन-तीन तासांत आचळाला लागलं आणि घोडी हुंकारत असली, तर आपलं काम फक्त कडेला बसून राहण्याचं.

शिंगरू स्वतः आणखी एक मजेशीर आवाज काढतं. मोठा घोडा समोर आला की मान पुढे काढून तोंड भराभर उघडतं-मिटतं, दात एकमेकांवर आपटून बारीक टकटक होते. ‘मी लहान आहे, मारू नका.’ दोन-तीन वर्षांत ही सवय जाते.

किंकाळी आणि खिंकाळी या दोन शब्दांत फक्त एका हकाराचा फरक आहे, आणि घोड्याजवळ हे दोन्ही आवाज आहेत. खिंकाळी दूरच्यासाठी. किंकाळी नाकाला नाक लागलेलं असताना. दोन अनोळखी घोडे भेटले की आधी श्वास हुंगतात, मग क्षणभर सगळं थांबतं आणि एकदम ‘ईईक्’ करून बारीक, चिरकी किंकाळी निघते. बहुतेकदा तिच्याबरोबरच पुढचा पाय झपकन पुढे येतो. माजावर नसलेली घोडीही नर जवळ आला की अशीच ओरडते आणि मागचे पाय झाडते. नवशिके नेमके दोन घोड्यांच्या तोंडांच्या मध्ये उभे राहून ‘बघा कसे मैत्री करताहेत’ म्हणतात. उभं राहायचं ते आपल्या घोड्याच्या खांद्यापाशी. दोर सैल, पण हाताला वेढा कधीच द्यायचा नाही. हुंगणं तीन-चार सेकंदांवर जाऊ द्यायचं नाही. किंकाळी व्हायच्या आतच घोडा वळवून घ्यायचा.

माणूस घोड्याला जे आवाज काढतो त्यांचीही एक बोली होती. ‘चुचकारणं’ हा शब्दच मुळी जीभ दातांमागे लावून काढलेल्या ‘च् च्’ वरून झाला. टांगेवाला निघताना जिभेची कड दाढेपासून सोडवून ‘क्लक्’ करायचा आणि थांबवताना ओठ फुरफुरवायचा. तत्त्व एकच: आखूड, वर जाणारे, पुन्हा पुन्हा काढलेले आवाज घोड्याला चालवतात, आणि लांब, खाली उतरणारा आवाज त्याला थांबवतो. घाबरलेल्या घोड्याला भराभर ‘अरे अरे अरे थांब थांब’ म्हणणारा माणूस शब्दांनी थांब सांगतो आणि चालीने पळ सांगतो. टांगेवाल्याकडे आणखी एक वाद्य होतं: चाबकाची काठी फिरत्या चाकाच्या आऱ्यांत धरायची की ‘टर्र्र्र’ व्हायचं आणि पुढचे पादचारी बाजूला व्हायचे. मुंबईतल्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या उच्च न्यायालयाने 2015 साली बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल बघता ते योग्यच झालं, पण त्या गाड्यांबरोबर पायाने दाबायची घंटा आणि ओल्या डांबरावरची टापांची टकटक हीही गेली.

टापा. मराठीचा कान इथे फार तिखट आहे. घोड्याचा पाय पडतो तो ‘टाप’, आणि ‘चौखूर उधळला’ म्हटलं की चारही पाय वेगवेगळे वाजणारा पळ डोळ्यासमोर येतो. अमरकोशाने घोड्याच्या पाच चाली सांगितल्या आहेत: आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. आपण डोळे मिटून मोजू या. साध्या चालीत चार ठोके, सारख्या अंतराचे. दुडकीत दोन, कारण तिरके समोरासमोरचे पाय एकत्र पडतात: टप्-टप्, टप्-टप्. त्याच्यापुढच्या छोट्या धावेत तीन ठोके आणि मग एक रिकामी जागा: तडतड्-ताड्, गप्प. तबलजी जिला खाली म्हणेल तशी ही जागा, त्या क्षणी घोडा पूर्ण हवेत असतो. भरधाव झाला की तीनचे पुन्हा चार होतात, पण इतके जवळजवळ की मोजता येत नाहीत. मारवाडी घोड्यांची रेवाल चाल या सगळ्यांपासून वेगळी. एका बाजूचे पाय पाठोपाठ पडत जातात, आवाज अखंड साखळीसारखा येतो आणि वर बसलेल्याच्या हातातला पेला हिंदकळत नाही.

भरधाव घोड्याच्या पायाचा आणि श्वासाचा ठोका एकच असतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. पळताना पोटातली आतडी पुढेमागे हेलकावतात आणि भात्यासारखी छातीला चेपतात-सोडतात. त्यामुळे एका झेपेला एक श्वास, आणि पुढचा आघाडीचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा तो बाहेर पडतो. हे जवळून ऐकायची आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा शर्यतीचं मैदान नाही. ती आहे वारीतलं रिंगण. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसरा रिकामा पळतो, तो माउलींचा. कडेला बसलेल्यांच्या दोन हातांवरून घोडा जातो. नांगरट मातीवर टापा टकटकत नाहीत, नुसत्या धप् धप् दबतात. टाळ, मृदंग आणि ‘माउली, माउली’च्या गजरातून तो समोर आला की क्षणभर फक्त ‘हफ्, हफ्, हफ्’ एवढंच ऐकू येतं. मग लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात.

कडक रस्त्यावर मात्र टाप खूप काही सांगते. लंगडणारा घोडा डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो. दुखरा पाय हळू पडतो, चांगला पाय जोरात. म्हणून चार ठोक्यांतला एक दबका वाटला तर तो पाय बघायचा, आणि मोठा वाजतो त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. नवखे नेमकं उलट करतात. दुडकीवर असताना ‘टिक् टिक्’ असा धातूवर धातूचा आवाज आला तर मागच्या पायाचं टोक पुढच्या नालेवर आपटतंय. घोडा दमलाय, किंवा खूर वाढून पुढून लांब झालेत, म्हणजे नालबंदाला बोलवायला उशीर झालाय. नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर छाटून, पुन्हा बसवावीच लागते, मग ती झिजलेली असो वा नसो, कारण खूर वाढायचे थांबत नाहीत. आणि एका पायाचा ठोका पाठोपाठ ‘खळ्’ करून वाजू लागला तर नाल ढिली झालीय. तिथेच उतरायचं. ढिली नाल सरकून तिचा खिळा तळव्यात गेला तर महिनाभर घोडा गेला.

नालबंद तर कानानेच काम करतो म्हटलं तरी चालेल. खिळा खुराच्या भिंतीतल्या कठीण, निर्जीव भागातून वर जात असेल तर प्रत्येक घावाला आवाज भरीव आणि वरवर चढत जातो. मध्येच तो मऊ, बोदा झाला, घाव पोचल्यासारखा वाटेना आणि घोड्याने पाय आखडला, तर खिळा आत, जिवंत भागाकडे वळला. तो तसाच ठोकून पुढे जायचं नसतं. काढायचा, भोक स्वच्छ करून औषध घालायचं, त्या जागी दुसरा खिळा मारायचा नाही. खुराची भिंत हातोडीने हळूच ठोकत गेल्यावर एखाद्या जागी पोकळ वाजलं तर तिथे आत भिंत सुटलेली आहे. आंबा किंवा नारळ वाजवून घेणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

खरेदीच्या वेळी श्वास ऐकावा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे हलगीच्या तालावर घोडे नाचवतात, घोड्या बघून नर खिंकाळत असतात, आणि या गदारोळात घोड्याची घरघर विकणाऱ्याला अगदी सोयीची पडते. मनात भरलेला घोडा गर्दीपासून लांब, शांत जागी मागून घ्यायचा. लांब दोरीवर गोलात डाव्या अंगाने आणि उजव्या अंगाने पाच-पाच मिनिटं चांगला पळवायचा आणि आपण मध्ये गप्प उभं राहायचं. थांबवल्यावर लगेच नाकाशी कान न्यायचा.

आवाज आत येणाऱ्या श्वासाला येतो की बाहेर जाणाऱ्या, हाच सगळा प्रश्न आहे. पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी नाकपुडी फडफडत असेल, तर तो बाहेरचा श्वास. ही बहुतेकदा नाकपुडीच्या आतल्या कातडीच्या घडीची फडफड असते, वेग वाढला की कमी होते, आणि तिच्यासाठी भाव पाडण्यात अर्थ नाही. पाय उचललेले असताना, म्हणजे श्वास आत जाताना, शिट्टी किंवा घरघर येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर घशाचा एक पडदा नीट उघडत नाही. हा दोष जवळजवळ नेहमी डाव्या बाजूचा असतो. त्या बाजूची नस मेंदूकडून निघून छातीत उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून पुन्हा घशापर्यंत वर येते. एवढ्या लांबच्या प्रवासात ती कमजोर पडते. त्यामुळे उंच, लांब मानेच्या घोड्यांत हा दोष जास्त आणि तट्टांत क्वचित. गाडीला किंवा वरातीला असा घोडा चालून जाईल, शर्यतीला नाही. दुर्बीण घालून डॉक्टर पक्कं सांगतील, पण दुर्बिणीपर्यंत न्यायचा की नाही हे दोन कान ठरवतात.

पळायच्या सुरुवातीला एक-दोनदा खोकला आला तर बहुधा धूळ. रोज आला तर चारा बघायचा. वैरणीची पेंढी झटकल्यावर पांढरा धुरळा आणि कुबट वास आला, तर ती बुरशी घोड्याच्या छातीत रोज जातेय. वैरण अर्धा तास पाण्यात भिजवून द्यायची. तेवढ्याने खोकला अर्ध्यावर येतो, आणि तेवढ्याचाच लोकांना कंटाळा असतो.

शेवटचे आवाज पोटाचे. ते घोडा काढत नाही, होतात. निरोगी घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. बरगड्यांच्या मागे कुशीला कान लावा, किंवा साधा डॉक्टरी स्टेथोस्कोप. डावीकडे वर आणि खाली, उजवीकडे वर आणि खाली, चारही जागी एक-एक मिनिट. गुरगुर, बुडबुड, सरसर असं काहीतरी चालूच असतं. उजवीकडे वरच्या कुशीत मिनिट-दोन मिनिटांनी लांबून मोरीत पाणी सुटल्यासारखा मोठा ओघ ऐकू येतो, तो ऐकल्याशिवाय कान काढायचा नाही. पोटाखाली, छातीच्या हाडामागे, समुद्राची लाट वाळूवरून मागे सरते तशी सळसळ आली तर आतड्यात खरोखरच वाळू आहे. घोडा उघड्या जमिनीवरून दाणे वेचतोय. घमेल्यात किंवा तोबऱ्यात द्या.

घोडा कुशीकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, खाली बसून लोळतोय, दात करकर खातोय आणि चारही जागी शांतता आहे. हा सगळ्यात भीतीचा आवाज. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वरून निघायची वाट नाही. चारा-दाणा लगेच काढून घ्यायचा, डॉक्टरांना फोन करायचा, आणि ते येईपर्यंत नाडी मोजत राहायची. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं दाबली की ती लागते. विसाव्याला मिनिटाला 28 ते 44 ठोके ठीक, साठाच्या वर गेले तर फोन पुन्हा करायचा. अंग टाकून लोळत असेल तर सावकाश चालवायचं, पण दमेपर्यंत नाही. आणि बाटलीने तेल पाजायला कुणी पुढे आलं तर हात धरायचा. कळा येणाऱ्या घोड्याच्या घशात ओतलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. पोटात तेल घालायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी टाकून घालतील.

पोट सुटलं की आधी दुरून, मग जवळून गुरगुर सुरू होते. पुढची लिद पडेपर्यंत तरी दाणा नाही, फक्त पाणी. डॉक्टरांनी हो म्हटलं की मूठभर हिरवं गवत. मग रात्री दीड-दोनला तबेल्यात दिवा न लावता दाराशी उभं राहायचं. कडबा दाताखाली सारख्या तालात मोडत असतो, मिनिटाला साठ-सत्तर वेळा, आणि मध्येच अंधारातून एक ओली फुर्र्र्र येते.